विटेवरचा सत्कार

॥ रामकृष्णहरि ॥

सज्जनहो, पंढरीचा परमात्मा विटेवर का उभा आहे, हे वारकऱ्याच्या घरातले लहान पोरही सांगेल. देव दारी आला तेव्हा पुंडलिकराय आईबापांचे पाय चुरीत बसले होते. देव आला म्हणून त्यांनी हातातली सेवा सोडली नाही. जवळ वीट होती ती मागे सारली आणि म्हणाले, "थांब जरा, एवढी सेवा होऊ दे." त्रैलोक्याचा धनी दारात उभा आणि भक्त त्याला थांब म्हणतो! एखादा मोठा माणूस असता तर तोंड फिरवून गेला असता. देव रागावला नाही. त्याने कमरेवर हात ठेवले आणि तो उभा राहिला, तो आजतागायत उभाच आहे.

ही कथा आपण मातृपितृभक्तीची म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात आणखी एक मर्म आहे. सेवा करणाराचा मान कसा राखावा, हे देवाने येथे स्वतः करून दाखविले आहे. देवाने पुंडलिकाला शाल पांघरली नाही, त्याच्यासाठी सभा भरविली नाही. जेथे सेवा चालली होती तेथे देव स्वतः चालत आला. सेवा पुरी होईपर्यंत थांबला. आणि सेवा संपल्यावर निघून न जाता कायमचा राहिला. येणे, थांबणे आणि राहणे, या तिन्हींना मिळून आम्ही विटेवरचा सत्कार म्हणतो. आजचे निरूपण एवढ्यावरच आहे.

हा विषय आम्हाला कोणत्या पोथीने सुचविला नाही. तो एका पोराने शिकविला. ती हकीगत आधी सांगतो.

२०१९ च्या श्रावणात कृष्णा आणि पंचगंगा यांना महापूर आला, हे आपण विसरला नसाल. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. गावेच्या गावे पाण्याने वेढली गेली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि १७ जणांचा अंत झाला. त्या दिवसांत सैन्य आले, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले, कोल्हापूरच्या 'व्हाइट आर्मी'सारखी स्वयंसेवकांची पथके आली. पण या सर्वांच्या आधी कोण पाण्यात उतरले होते? त्या त्या गावचीच पोरे. कुणी पैलवान, कुणी कोळ्याचा मुलगा, कुणी ऊसतोडीचा गडी.

पुढच्या माघात, म्हणजे २०२० साली, कृष्णाकाठच्या अशाच एका गावी आमचे काल्याचे कीर्तन होते. पूर ओसरून सहा महिने झाले होते. मंडळींनी ठरविले की, पुरात माणसे काढणाऱ्या पाच पोरांना कीर्तनाच्या शेवटी शाल आणि श्रीफळ द्यायचे. नावे पुकारली. चौघे आले, पाचवा आला नाही. आम्ही मनात म्हटले, पोरगे लाजाळू असेल. त्याच्या पाठीमागे त्याची चार शब्दांत स्तुती करून आम्ही काला वाटला.

रात्री तो बिऱ्हाडी आला. दाराशीच बसला. म्हणाला, "महाराज, रागावू नगा. तुमचा मान मोडायचा न्हवता."

आम्ही म्हटले, "माउली, मग आला का नाहीस?"

"शाल घेतली की फिटलं म्हणत्यात. माझं फिटल्यालं न्हाई आणि गावाचंबी न्हाई." थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीला एका म्हातारीला होडीत घेताना माझा हात निसटला. गावली न्हाई. तिच्या घरचे आज मांडवात बसले हुते. त्यांच्या म्होरं मी नारळ कसा घिऊ?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. उठता उठता तो म्हणाला, "आन् होडी एकदा बघा जाऊन, महाराज. तळाला चीर गेलीया. सहा म्हैनं उकिरड्याशेजारी पालथी पडलीया. जाकिटं चार हुती, दोन कुणी शेतावर नेली. शालींच्या पैशात चांगला दोर आला असता."

सकाळी जाऊन होडी पाहिली. तो म्हणाला होता तशीच होती. तिच्या बुडावर शेणी वाळत घातल्या होत्या. आदल्या दिवशी आम्ही भूतदयेवर दोन तास बोललो होतो. त्या शेणी पाहून आपले बोलणे किती पोकळ होते, हे आम्हाला तेथे उभ्या उभ्या कळले.

आता कुणी शंका घेईल. "महाराज, खरा सेवक निष्काम असतो. त्याला मान हवा कशाला? मानाने तर अहंकार वाढतो." शंका चांगली आहे, पण ती अर्धीच आहे. मान मागू नये हा सेवकाचा धर्म झाला. ऋण विसरू नये हा समाजाचा धर्म आहे. एकाच्या धर्माआड दुसऱ्याने लपायचे नसते. तो काही मागत नाही, म्हणून आपण काही द्यायचे नाही, हा कोठला परमार्थ? ही तर परमार्थाच्या नावावर केलेली काटकसर झाली. गाडगेबाबा सत्काराला उभे राहत नसत, कुणाला पाया पडू देत नसत. पण ज्याने त्यांच्याबरोबर खराटा हातात घेतला तो त्यांना आवडे. बाबांना मान नको होता असे नव्हे. त्यांना आयता मान नको होता. खराटा उचलणे हाच त्यांना चालणारा सत्कार होता.

दुसरी शंका याहून कठीण. "पूर, दरड, भूकंप ही ईश्वरी सत्ता. ज्याचे प्रारब्ध सरले तो जाणार. मध्ये पडणारे आपण कोण?" याचे उत्तर नाथमहाराजांनी देऊन ठेवले आहे. काशीहून गंगेची कावड आणलेली, ती रामेश्वराला वाहायची. आणि वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडत होते. नाथांनी त्याचे प्रारब्ध विचारले नाही. कावड उतरली आणि गंगा त्याच्या मुखी घातली. रामेश्वर तेथेच पावला, असे आपण सांगतो. मग पाण्यात बुडणाऱ्या माणसाच्या वेळीच आपल्याला प्रारब्ध कसे आठवते? प्रारब्धाचा विचार स्वतःच्या दुःखापुरता ठेवावा. दुसऱ्याच्या दुःखाला तो लावणे हा आळस आहे.

तेव्हा विटेवरच्या सत्काराचे पहिले अंग, येणे. खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या अंगाखांद्यावर इरशाळवाडी नावाची ठाकरांची वाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात तिच्यावर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. खालून दीड तासाची चिखलाची, निसरडी चढण. यंत्र वर जाऊ शकत नव्हते आणि ढगांमुळे हेलिकॉप्टरही उतरू शकत नव्हते. अशा वेळी खोपोली आणि आसपासची, डोंगर पायाखालचे असलेली गिर्यारोहक पोरे आणि पायथ्याच्या गावचे लोक अंधारात वर गेले. पुढे जवान आले, पण हत्यारे तीच, कुदळ, फावडे आणि घमेले. त्या चढणीवर मदतीला निघालेल्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो तेथेच गेला. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे मातीखालीच राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला.

पाहा, देवाला पुंडलिकाच्या दारी यायला गरुड होता. या पोरांना पायच होते. जो पहिला पोहोचतो तो नेहमी जवळचाच असतो, हा आपत्तीचा नियम आहे. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गेले आणि दीडशेवर माणसे दगावली. त्याची खबर कुणी दिली? सकाळच्या एस. टी.च्या चालकाने. रोज दिसणारे गाव त्याला दिसेना. तो 'आपल्याला काय' म्हणून गाडी वळवून गेला नाही, ही त्याची सेवा. ज्याचे डोळे शेजाऱ्याच्या घरावर असतात, त्यालाच शेजाऱ्याचे घर नाहीसे झालेले कळते.

माळीणला धावलेले राष्ट्रीय दलाचे जवान कोठून गेले होते, हे वारकऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांची पाचवी वाहिनी पुणे जिल्ह्यात सुदुंबऱ्याला असते. सुदुंबरे म्हणजे संताजी महाराज जगनाड्यांचे समाधिस्थान. तुकोबारायांची गाथा इंद्रायणीत गेली तेव्हा ते अभंग जपणाऱ्यांत संताजी होते, असे परंपरा सांगते. पाण्यात गेलेले वर आणण्याचे काम त्या मातीला जुनेच आहे!

दुसरे अंग, थांबणे. धावणे सर्वांना कळते, थांबणे थोड्यांना. पुरात सर्वांत मोठी अडचण पुष्कळदा पाण्याची नसते, बघ्यांची असते. कुणी फोटो काढायला येतो, कुणी पाहणीला येतो, आणि माणसे आणणारी होडी पाहुण्यांसाठी अडून राहते. देव स्वतः आला असतानाही त्याने सेवा अडविली नाही. मग आपण कोण? सेवा चालू असताना विटेवर उभे राहावे, म्हणजे वाटेतून बाजूला व्हावे. हाही सत्कारच आहे.

दरडीखाली माणूस जिवंत आहे का, हे शोधताना जाणते स्वयंसेवक मधून मधून सर्व काम थांबवितात. फावडे थांबते, बोलणे थांबते, सगळे कान मातीला लावतात. कोठे हुंकार येतो का, कोठे ठकठक येते का, ते ऐकतात. सज्जनहो, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. माउलींच्या पालखीसोहळ्यात समाजआरतीच्या वेळी काय होते? चोपदार चोप उंच करतो आणि हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, कुणाचे काही हरवले असेल, ती दिंडी टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातो आणि तिचे ऐकून घेतो. एवढा मोठा समाज गप्प का राहतो? एकाचे दुःख ऐकू यावे म्हणून! हीच शिस्त मातीच्या ढिगाऱ्यावर जीव वाचविते. जो वारीत गप्प राहायला शिकला, तो अर्धा स्वयंसेवक झाला.

राहिलेला अर्धा भाग शिकण्याचा. केवळ तळमळ पुरत नाही. ब्रह्मनाळला तळमळ कमी नव्हती. होडीत माणसे जास्त झाली. घाबरलेल्या जिवांना 'तुम्ही मागच्या फेरीला' असे सांगणे फार जड असते, पण न सांगितले तर होडीच जाते. म्हणून कोणत्या होडीत किती माणसे, हे पूर येण्याआधी तिच्या अंगावर रंगाने लिहून ठेवावे लागते, आणि ते मोडू न देणारा एक खंबीर माणूस काठावर ठेवावा लागतो. बुडणारा माणूस वाचविणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो, म्हणून एकदम उडी घेऊ नये. आधी काठी पुढे करावी, काठी पुरत नसेल तर दोर फेकावा, नाही तर बूच घट्ट लावलेला रिकामा डबा बांधून सोडावा, मग होडी, आणि उडी सर्वांच्या शेवटी, तीही शिकलेल्यानेच. दया ही शक्ती आहे, पण तिला अभ्यासाची जोड हवी. पखवाज आवडतो म्हणून कुणी पहिल्याच दिवशी कीर्तनात साथीला बसत नाही; गुरूपाशी बोल घोटावे लागतात.

हा अभ्यास करण्याची सोय आता झाली आहे. केंद्र सरकारने २०१६ साली 'आपदा मित्र' नावाची योजना सुरू केली. प्रथम देशातील ३० पूरप्रवण जिल्ह्यांत ६,००० स्वयंसेवक तयार करायचे ठरले. पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक शिकविण्याचे काम हाती घेतले गेले. बारा दिवसांचे शिक्षण, आपत्तीच्या वेळी लागणारी साधने आणि विमा, अशी तिची रचना केली. ज्यांनी हे शिक्षण घेतले ती पोरे आपल्याच गावात राहतात. आपल्या गावातील अशा एका तरी पोराचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय? नसेल, तर आजच विचारून ठेवा. ओळख ती पाणी दारात येण्याआधीची. पाणी ओसरल्यावर झालेली ती केवळ प्रसिद्धी.

तिसरे अंग, राहणे. हे सर्वांत अवघड. देव युगे अठ्ठावीस राहिला आहे. आपण पाणी ओसरल्यावर अठ्ठावीस दिवसही राहत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यावर प्रलय आला. आदल्या रात्री खचत्या बांधावर लष्कराच्या जवानांनी भर पावसात वाळूची पोती रचली. धरण वाचले नाही, पण फुटणे काही तास लांबले. ते रात्री फुटण्याऐवजी दिवसा फुटले आणि त्यामुळे असंख्य माणसे जागी असताना पळू शकली. ज्यांचे प्राण वाचले त्यांनी ती पोती पाहिलीही नव्हती. सेवेचे फळ असे पुष्कळदा न दिसणारे असते. जे घडले नाही त्याचे आभार कुणी मानीत नाही. म्हणूनच समाजाने आठवण धरून राहावे लागते.

राहणे म्हणजे काय करायचे? पोराच्या घरी त्या चार दिवसांची मजुरी बुडाली असेल ती भरून द्यायची. त्याची स्वतःची म्हैस पुरात गेली असेल, कारण तो दुसऱ्याची माणसे काढीत होता, तर गावाने त्याच्या दावणीला म्हैस बांधायची. दोर कोरडा आहे ना, होडीला डांबर लागले आहे ना, जाकिटे जागेवर आहेत ना, हे मृगाआधी पाहायचे. आणि ज्याच्या हातून एखादा जीव निसटला, त्याच्याजवळ बसायचे. आपण वाचविलेल्यांची संख्या मोजतो. तो न वाचलेला एक मोजतो. त्या एकाचे ओझे त्याने एकट्याने का वाहावे?

तेव्हा त्या गावी आम्ही काय केले ते सांगून हे निरूपण पुरे करतो. त्या सकाळी आम्ही गावच्या टाळकऱ्यांना होडीपाशी बोलाविले. उपदेश केला नाही. शेणी उचलून बाजूला ठेवल्या, एवढेच. मग कुणी सुताराला आणले, कुणी डांबर आणले. भजनी मंडळाने सप्ताहाच्या उरलेल्या शिधापैशातून दोर आणि जाकिटे घ्यायचे ठरविले. ज्यांची म्हातारी गेली होती त्या घरचा कर्ता माणूसही आला. तो त्या पोराशी काही बोलला नाही. होडीचे एक टोक त्याने धरले, दुसरे पोराने धरले, आणि दोघांनी ती सरळ केली. सज्जनहो, आम्ही पुष्कळ ठिकाणी पुष्कळ शाली पांघरल्या आहेत. तो सत्कार त्या सर्वांहून मोठा होता.

२०२१ च्या जुलैत कृष्णा पुन्हा पात्र सोडून वर आली. त्या गावची होडी तयार होती. पोरांनी पाणी चढण्याआधीच म्हातारीकोतारी, बाळंतिणी आणि आजारी माणसे वर नेऊन ठेवली. सांगण्यासारखे काही घडले नाही, म्हणून कुणाचा सत्कारही झाला नाही. आम्ही फोन करून विचारले तेव्हा ते पोर एवढेच म्हणाले, "समदी हायती, महाराज."

पंढरीला जाल तेव्हा आधी चंद्रभागेच्या पात्रातील पुंडलिकरायांचे दर्शन घ्या. उजनीचे आणि वीरचे पाणी सुटले, भीमा चढली की ते मंदिर पाण्यात जाते. देव उंचावर विटेवर उभा आणि सेवक पुराच्या वाटेत बसलेला! ज्याच्या सेवेसाठी देव थांबला, तो स्वतः अजून नदीतच आहे. आपल्या गावचा पुंडलिकही असाच पाण्याच्या वाटेत बसलेला असतो. या पावसाळ्याच्या आधी त्याच्या दारी जावे. नारळ नेऊ नये. दोराचे दुसरे टोक आपल्या हातात घ्यावे.

॥ पुंडलिक वरदा हरि विठ्ठल ॥